नदीचा करार, हजेरीचा कागद

‘मालकी’ या विषयावर अंक काढायचा ठरलं तेव्हा संपादकांनी विचारलं, ‘कुठे जाणार?’ गडचिरोलीतल्या सूरजागडला, असं उत्तर बहुधा त्यांना अपेक्षित होतं. मी भिलाईला गेलो. गडचिरोलीत आज जे घडवायला घेतलं आहे, ते भिलाईत साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच घडून गेलं. लोखंडाचा डोंगर, पोलादाचा कारखाना, नदीचं पाणी, ठेक्यावरचा मजूर, आणि या सगळ्याच्या मध्ये उभं राहून ‘हे कुणाचं?’ असं विचारणारी माणसं. त्या माणसांना सत्ता आणि कंपनी यांचं नातं कसं दिसतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

पॉवर हाउस

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत भिलाईत शिरते. पॉवर हाउस हे इथलं एक साधं स्टेशन. बाहेर भाजीवाले, सायकल दुरुस्तीची दुकानं आणि नंदिनी रोडकडे जाणाऱ्या रिक्षा. याच स्टेशनातल्या रुळांवर १ जुलै १९९२ रोजी कामावरून काढलेले हजारो कामगार बायका-मुलांसह बसले होते. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. सोळा-सतरा कामगार मेले. एका पोलीस अधिकाऱ्याचाही जीव गेला. दरवर्षी त्या तारखेला कामगार-शेतकऱ्यांच्या छत्तीसगड मुक्ती मोर्चाची माणसं लाल-हिरवा झेंडा घेऊन इथे जमतात.

रुळांवर बसलेल्या त्या कामगारांच्या मागण्या आज वाचल्या तर क्रांतिकारक म्हणावं असं त्यांत काही सापडत नाही. कायम स्वरूपाचं काम करणाऱ्याला कायम करा, जगता येईल इतकी मजुरी द्या, संघटना केली म्हणून काढलेल्यांना परत घ्या. यातलं बहुतेक कायद्यात आधीपासूनच लिहिलेलं होतं. म्हणजे देशाचा कायदा पाळा, एवढंच सांगायला हे लोक रुळांवर बसले होते.

एका कारखान्याचे हात

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी १९५५ साली करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. या तारखा भिलाईत शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. रेल्वेचे रूळ इथे बनतात, आणि त्याचा अभिमान गावात सगळीकडे दिसतो. त्या अभिमानात खोटं काही नाही. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांमधले रुंद रस्ते, झाडं, शाळा, सेक्टर नऊचं मोठं रुग्णालय, हे सगळं सार्वजनिक पैशातून उभं राहिलं आणि त्याने दोन पिढ्यांचं आयुष्य बदललं. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबंही त्यात आहेत.

पण सेक्टरांची हद्द ओलांडून खुर्सीपार, कॅम्प, जामुल, छावणी या बाजूला गेलं की तोच कारखाना वेगळा दिसतो. नव्वदहून अधिक गावांची जमीन या प्रकल्पासाठी गेली. लोहखनिज दल्ली राजहराहून येतं. ते ठिकाण दक्षिणेला नव्वदेक किलोमीटरवर आहे. चुनखडी नंदिनीहून, डोलोमाइट हिर्रीहून येतो. पाणी येतं तांदुळा धरणातून आणि महानदीवरच्या गंगरेलमधून. तांदुळा इंग्रजी अमदानीत शेतीसाठी, दुष्काळाला उतारा म्हणून बांधलं गेलं होतं. पाऊस कमी झाला की पाणी आधी भट्टीला की भाताला, हा प्रश्न इथे दर काही वर्षांनी उठतो, आणि त्याचं उत्तर देणाऱ्या टेबलाभोवती भाताची बाजू मांडणारा क्वचितच बसलेला असतो.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईच्या कामगारवस्तीत अनेक वर्षं राहून अभ्यास केला. त्यांचा जाडजूड ग्रंथ २०२० साली आला. कारखान्यातला कायम कामगार आणि त्याच कारखान्यात ठेक्यावर राबणारा मजूर यांच्यातलं अंतर इतकं वाढलं आहे की ते जवळजवळ दोन वेगळे वर्गच झाले आहेत, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. सकाळी गेटपाशी थोडा वेळ उभं राहिलं तर हे डोळ्यांना दिसतं. मोटारसायकलवरून येणारा एक, सायकलवरून येणारा दुसरा. ऊन, धूळ आणि धोका दोघांनाही सारखाच, किंबहुना ठेक्यावाल्याला जास्त. घर, दवाखाना, मुलांची शाळा मात्र पहिल्याचीच.

सत्तर रुपये

दल्ली राजहराचा डोंगर तांबडा. रस्ता तांबडा, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी तांबडं, आणि ते ज्या शेतात शिरतं ते शेतही तांबडं. इथल्या हाती चालणाऱ्या खाणींत दगड फोडून ट्रक भरणारे हजारो स्त्री-पुरुष ठेकेदारांकडे राबत. १९७७ साली बोनसचा करार झाला. कायम कामगाराला ३०८ रुपये, ठेक्याच्या कामगाराला ७०. करारावर सह्या प्रस्थापित युनियनांच्या होत्या. ठेक्याचे कामगार त्या युनियनांतून बाहेर पडले आणि नुकत्याच आणीबाणीच्या तुरुंगवासातून सुटलेल्या एका माणसाला त्यांनी बोलावून आणलं. तो माणूस म्हणजे शंकर गुहा नियोगी.

मूळचा जलपायगुडीचा धीरेश, भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये काम केलेला. कामावरून निघाल्यावर छत्तीसगडच्या खेड्यांत पडेल ते काम करत फिरलेला. दानीटोलाच्या खाणीत काम करणाऱ्या आशाताईंशी त्यांनी लग्न केलं. छत्तीसगढी त्यांच्या तोंडी इतकी रुळली होती की बाहेरचा माणूस म्हणून त्यांना वेगळं काढणं विरोधकांना जड गेलं.

छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्लीसाठी पैसे द्या, ही त्यांची एक मागणी होती. त्याच वर्षी २ जूनच्या रात्री पोलीस नियोगींना धरायला आले, कामगारांनी वाट अडवली, आणि त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून गोळीबारात अकरा जण मेले. त्यांत अनसूयाबाई नावाची कामगार स्त्री होती. दिल्लीत तेव्हा आणीबाणी उलथवून आलेलं जनता पक्षाचं सरकार होतं. पक्ष बदलला तरी खाणीवरची बंदूक बदलत नाही, हा धडा दल्लीने तेव्हाच गिरवला. इथले जुने कार्यकर्ते आजही कुठल्या सरकारकडून काय मिळेल याचा अंदाज बांधताना त्या तारखेपासून सुरुवात करतात.

या संघटनेचं पुढचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मजुरी वाढली आणि वाढलेला पैसा दारूच्या दुकानात जाऊ लागला, तेव्हा संघटनेनेच दारूविरोधी मोहीम चालवली, बायकांच्या पुढाकाराने. दारूचे ठेकेदार, त्यांचे राजकीय आश्रयदाते आणि खाणीचे ठेकेदार ही नात्यागोत्याची माणसं होती, त्यामुळे ती मोहीम सत्तेलाच जाऊन भिडली. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचारांअभावी गेल्या. त्या दुःखातून कामगारांच्या वर्गणीवर आणि श्रमदानावर शहीद हॉस्पिटल उभं राहिलं आणि ३ जून १९८३ रोजी सुरू झालं. डॉ. विनायक सेन, डॉ. शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तिथे आले. आजही व्हरांड्यात आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसं गर्दी करून बसलेली असतात. सरकारी अनुदान न घेता खाणमजुरांनी हे उभं केलं.

१९७९ मध्ये मुक्ती मोर्चा स्थापन झाला, तेव्हा झेंड्याला दोन रंग दिले गेले. कामगाराचा लाल, शेतकऱ्याचा हिरवा. नियोगी ‘संघर्ष और निर्माण’ अशी जोडी सांगत. खाणीत मोठी यंत्रं आणून माणसं काढायचा प्रस्ताव आला, तेव्हा संघटनेने नुसता विरोध केला नाही. माणसं राहतील आणि उत्पादनही वाढेल अशी अर्धयांत्रिकीकरणाची योजना मांडली. ‘अपने जंगल को पहचानो’ नावाची मोहीम चालवून खाणीने उघड्या पडलेल्या भागात रानातली झाडं ओळखणं, जपणं, लावणं सुरू केलं. कामगार युनियनने जंगलाबद्दल बोलावं ही गोष्ट तेव्हा डाव्या पक्षांनाही विचित्र वाटली. आज पर्यावरण आणि रोजगार यांना एकमेकांसमोर उभं करणारे लोक हा इतिहास वाचत नाहीत.

त्यांनी इतिहासातला माणूसही शोधून काढला. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार फोडून लोकांना धान्य वाटलं आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात रायपुरात फाशी गेले. त्यांची आठवण मोर्चाने गावोगाव पोचवली. नंतर सरकारांनीही त्यांच्या नावाने स्टेडियम उभारलं, पुरस्कार दिले. आणि २०१६ मध्ये त्याच सोनाखान परिसरातला बाघमारा सोन्याचा पट्टा लिलावात वेदांताला गेला.

खिडकीतून आलेली गोळी

१९९० च्या सुमारास भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कामगारांनी नियोगींना बोलावलं. हे कारखाने पोलाद प्रकल्पाच्या आश्रयाने वाढलेले. ढलाई, इंजिनिअरिंग, दारूच्या भट्ट्या, सिमेंट. कामगार ठेक्याचे, हजेरीपुस्तकावर नाव नाही, भविष्यनिधी नाही. संघटनेत नाव नोंदवलं की दुसऱ्या दिवशी गेट बंद. सप्टेंबर १९९१ मध्ये नियोगी कामगारांना घेऊन दिल्लीला गेले आणि राष्ट्रपती वेंकटरमण यांना निवेदन देऊन आले. २८ सप्टेंबरच्या पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरात झोपेत असताना खिडकीतून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आपल्याला मारतील हे त्यांना माहीत होतं. तसं त्यांनी एका छोट्या कॅसेटवर बोलूनही ठेवलं होतं.

१९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने मारेकरी पल्टन मल्लाह याला फाशी आणि दोन उद्योगपतींसह पाच जणांना जन्मठेप दिली. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त मारेकऱ्याला जन्मठेप ठोठावली, बाकीच्यांची सुटका कायम ठेवली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपलं. पण ज्याचं नियोगींशी काही वैर नव्हतं त्या माणसाने गोळी कुणासाठी झाडली, हा प्रश्न निकालपत्राच्या बाहेर तसाच राहिला आहे. गिरणगावात कॉम्रेड कृष्णा देसाई आणि नंतर डॉ. दत्ता सामंत यांचे खून पाहिलेल्या मराठी वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

शिवनाथ

दुर्ग आणि भिलाईच्या पश्चिमेकडून शिवनाथ वाहते. ती गडचिरोलीला लागून असलेल्या डोंगराळ भागाकडून येते आणि पुढे महानदीला मिळते. काठावर भाजीचे मळे, केवट-ढीमरांची मासेमारी. १९९८ साली ऑक्टोबरात या नदीच्या सुमारे साडेतेवीस किलोमीटर पट्ट्याबाबत एक करार झाला. एका बाजूला मध्य प्रदेशचं सरकारी औद्योगिक केंद्र विकास निगम, दुसऱ्या बाजूला रेडियस वॉटर ही खासगी कंपनी. बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी कंपनीने बंधारा बांधायचा, बावीस वर्षं चालवायचा. भारतात नदी खासगी हाती गेल्याचं पहिलं ठळक उदाहरण म्हणून शिवनाथचं नाव जगभर झालं.

कार्यकर्त्यांकडून हा करार समजून घेताना मला कळलं की जादू कलमांत असते. बोरईतल्या कारखान्यांना पाणी लागो न लागो, दिवसाला चाळीस लाख लिटरचे पैसे निगमाने कंपनीला द्यायचेच, असं त्यात लिहिलेलं होतं. आधीपासून असलेली सरकारी पाणीपुरवठ्याची मालमत्ता कंपनीला नाममात्र एक रुपया भाड्याने मिळाली. धोका सरकारचा, नदी लोकांची, उत्पन्न कंपनीचं. करार झाला तेव्हा काठावरच्या कुठल्याच ग्रामपंचायतीला कुणी विचारलं नाही. लोकांना तो कळला कंपनीची माणसं पंप काढायला सांगू लागली तेव्हा, जाळं टाकायला मनाई झाली तेव्हा.

पुढची चळवळ मोहलई, रसमडा, महमरा अशा गावांतून उभी राहिली. नदी घाटी मोर्चाने ती देशभर नेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य जन्माला आलं, तेव्हा करार नव्या सरकारच्या गळ्यात आला. मुख्यमंत्री अजित जोगींनी तो रद्द करण्याची घोषणा केली. रद्द झाला नाही, कारण भरपाई कोण देणार हा प्रश्न पुढे आला. २००७ मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीने कराराचे वाभाडे काढले, तो रद्द करा आणि जबाबदार माणसांवर गुन्हे नोंदवा अशी शिफारस केली. विधानसभेच्या स्वतःच्या समितीची ती शिफारस होती, सरकार मात्र हललं नाही. सत्तेवर तेव्हा भाजप होता, त्याआधी काँग्रेस. मूळ करार झाला तेव्हा मध्य प्रदेशात काँग्रेसचं राज्य होतं. कंपनी सरकारला वाकवते असं आपण म्हणतो. शिवनाथच्या काठावर दिसतं ते असं की सरकार आधीच वाकलेलं असतं आणि करार ते वाकणं पक्कं करून ठेवतो, म्हणजे पुढच्या सरकारला सरळ उभं राहायचं झालं तरी त्याची किंमत मोजावी लागते.

जामुलचं सिमेंट

सगळ्या लढाया हरल्या असं मात्र नाही. जामुलचा एसीसीचा सिमेंट कारखाना नंदिनीच्या चुनखडीच्या पट्ट्यातला. सिमेंट उद्योगाच्या वेतन मंडळाच्या निवाड्यात साफ लिहिलं आहे की माल चढवणं-उतरवणं अशी ठरावीक कामं सोडून इतर कामांना ठेक्याचे मजूर लावू नयेत. जामुलमध्ये भट्टीपासून दुरुस्तीपर्यंत ते लावलेले होते. प्रगतिशील सिमेंट श्रमिक संघाने औद्योगिक न्यायालयापासून सुरुवात केली. दरम्यान एसीसी स्वित्झर्लंडच्या होल्सिमकडे गेली होती, म्हणून भिलाईच्या बस्तीतले कामगार थेट स्विस सरकारच्या तक्रार केंद्रापर्यंत पोचले. जानेवारी २०१६ मध्ये समझोता झाला आणि पाचशेहून अधिक ठेका कामगारांचा प्रश्न त्यात आला. लढा सुरू केलेल्यांतले काही तोवर निवृत्तीला आले होते. २०२२ मध्ये एसीसी अदानी समूहाने घेतली. जामुलच्या कामगाराच्या दृष्टीने मालक मुंबईचा, मग स्वित्झर्लंडचा, मग अहमदाबादचा झाला. ठेकेदार मात्र त्याच गल्लीत राहतो.

या लढ्यांच्या वकील सुधा भारद्वाज होत्या. आयआयटी कानपूरला गणित शिकलेल्या, अमेरिकेचं नागरिकत्व सोडून दल्ली राजहरात आलेल्या आणि कामगारांच्या खटल्यांना परवडणारा वकील मिळेना म्हणून २००० साली स्वतः वकील झालेल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. येरवडा आणि भायखळा इथे तीन वर्षांहून अधिक काळ गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जामिनावर सुटका झाली. आरोप सिद्ध होण्याआधीच इतकी वर्षं गेली. जामिनाच्या अटीमुळे त्यांना मुंबईतच राहावं लागलं. बिलासपूरच्या उच्च न्यायालयात उभी राहणारी ही वकील आपल्या पक्षकारांपासून तोडली गेली, ही शिक्षा भिलाईच्या कामगारांनाही झाली.

हसदेवपर्यंत

छत्तीसगड बचाओ आंदोलनात मुक्ती मोर्चाचे कार्यकर्ते आहेत, म्हणून भिलाईतल्या बैठकीत उत्तरेकडच्या हसदेव अरण्याचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. सुमारे एक लाख सत्तर हजार हेक्टरचं हे सलग साल जंगल. खाली कोळसा. खाणपट्टा राजस्थान सरकारच्या वीज कंपनीचा, खोदणार अदानी समूह. म्हणजे कागदावर मालक सार्वजनिक, कोळसा काढणारा खासगी. ऑक्टोबर २०२१ मध्ये आदिवासी तीनशे किलोमीटर चालत रायपूरला आले. ग्रामसभेचे ठराव खोटे तयार केले गेले, अशी त्यांची तक्रार होती. जुलै २०२२ मध्ये विधानसभेने एकमताने ठराव केला की हसदेवमधले सगळे कोळसापट्टे रद्द करावेत. २०२३ च्या डिसेंबरात सरकार बदलताच पोलीस बंदोबस्तात झाडं पडू लागली. आंदोलनाचे आलोक शुक्ला यांना २०२४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. एकमताचा ठराव मात्र झाडांच्या उपयोगी पडला नाही.

यावर इथली माणसं काय म्हणतात? आमदाराला दोष देऊन ते थांबत नाहीत. निवडणुका खर्चिक झाल्या, तो खर्च खाणी आणि ठेक्यांतून येतो आणि म्हणून धोरण बदलत नाही, हे सूत्र ते शांतपणे मांडतात. मला ते पटतं. पण त्यांची एक उणीवही इथे नोंदवली पाहिजे. नियोगींनंतर मोर्चात फूट पडली, एकाच नावाचे गट झाले, आणि दल्लीची हाती चालणारी खाण आटत गेली तशी ज्या कामगारसंख्येवर ही ताकद उभी होती ती ओसरली. भिलाईच्या भट्ट्यांसाठी आता रावघाटच्या डोंगराकडे रेल्वे गेली आहे, बस्तरच्या आदिवासी मुलखात. तिथे दल्लीसारखी संघटना आधीपासून उभी नाही.

आपल्या हद्दीत

रावघाटपासून पश्चिमेला हद्द ओलांडली की गडचिरोली. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, जानेवारीत यात्रा भरते. २००७ साली तिथला ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्सला मिळाला. २०२१ पासून खनिज जोरात निघू लागलं, २०२३ मध्ये वार्षिक मर्यादा तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. विस्ताराची जनसुनावणी खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. तोडगट्टा इथे कित्येक गावांचे लोक मार्च २०२३ पासून धरणं धरून बसले होते, नोव्हेंबरात पोलिसांनी ते आंदोलन उठवलं. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली होती, आणि ‘मावा नाटे मावा राज’ ही घोषणा तिथलीच. महाराष्ट्र सरकार आता गडचिरोलीला पोलादाचं केंद्र करण्याचं स्वप्न विकतं आहे.

पोलाद लागणारच आहे. माझा विरोध पोलादाला नाही, ते कुणाच्या सहीने, कुणाच्या पाण्यावर आणि कुणाच्या हजेरीपुस्तकाबाहेरच्या घामातून निघणार, हे झाकून ठेवण्याला आहे. भिलाईत हे सगळं लोकांना फार उशिरा कळलं. नदीचा करार कळला तो पंप उचलायला माणसं आली तेव्हा, ठेक्याची अट कळली ती गेट बंद झालं तेव्हा. गडचिरोलीतल्या कोनसरीची भट्टी कुठल्या नदीचं, किती आणि कुठल्या दराने पाणी घेते, खाणीवरचे किती कामगार कायम आणि किती ठेक्याचे, ग्रामसभेचा ठराव कुठल्या तारखेला आणि कुणासमोर झाला, हे तिन्ही कागद सार्वजनिक असायला हवेत आणि ते माहितीच्या अधिकारात मागता येतात. गडचिरोलीतल्या ग्रामसभा ते मागत आहेत. हा अंक वाचणाऱ्या नागपूर-पुणे-मुंबईकरांनीही ते मागावेत.